आमची संस्था

(बी. ए. भाग २)

आमच्या घरात चोरण्यासारखे आहे तरी काय, असे आई नेहमी म्हणते. ते खोटे नाही. पत्र्याच्या दोन खोल्या, एक शिलाईचे मशीन, भिंतीवर भगवंताची तसबीर, खुंटीला अण्णांचा पोती ओढायचा हूक. अण्णा बार्शीच्या बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. संध्याकाळी गल्लीतले कोणी ना कोणी हाक मारीत आत येते, चहा पिते, जाते. अशा घरात एखादा हेर शिरेल आणि चार महिने नांदेल, असे कोणी मला सांगितले असते तर मी हसले असते. पण तसे झाले खरे. ते सांगावे की सांगू नये या विचारात अंक छपाईला जायची वेळ आली. शेवटी सर म्हणाले, "लिहून तर आण, मग बघू." म्हणून लिहिते आहे.

हेर म्हणजे माणूस नव्हे. त्याच्या मागे कोठेतरी माणूस असणारच. पण तो कोण, कोठला, हे मला आजही ठाऊक नाही आणि कधी कळेल असेही वाटत नाही. हेर म्हणजे आमच्या संगणकात बसलेले एक सॉफ्टवेअर. त्याला स्पायवेअर म्हणतात. आपण कोणती पाने उघडतो, काय शोधतो, कोणते पासवर्ड टाकतो, हे ते मुकाट्याने टिपून बाहेर पाठवते. तंत्र नवे असले तरी कल्पना नवी नाही. १९८४ साली मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीतली टंकलेखन यंत्रे तपासली, तेव्हा तेथील आणि लेनिनग्राडच्या कचेरीतील मिळून सोळा सिलेक्ट्रिक यंत्रांच्या पोटात सोव्हिएत हेरखात्याने बसवलेली उपकरणे सापडली. कोणती कळ दाबली हे त्यांना कळे आणि ते रेडिओलहरींवरून बाहेर जाई. बिचारे टंकलेखक वर्षानुवर्षे निष्ठेने टंकत होते! हे वाचताना मला त्यांची फार दया आली होती. तेव्हा मी स्वतःही तेच करीत होते, हे मात्र ठाऊक नव्हते.

संगणक आमच्या घरी कसा आला ते आधी सांगितले पाहिजे. मी बारावीत असताना स्टँडजवळचे एक नेट कॅफे बंद पडले. दादाने तेथला एक संगणक साडेसहा हजारांत उचलला. दादा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचे शिक्षण बारावीत सुटले. खरे म्हणजे माझे सुटू नये म्हणून त्याने सोडले. हे तो कधी बोलत नाही, आई बोलते. संगणक टेबलावर ठेवल्यावर आईने त्याला हळदकुंकू लावले. मॉनिटरच्या कडेला ते बोट अजून आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे गल्लीने मला परस्पर एक पदवी देऊन टाकली: "पोरीला सगळं फारम भरता येतं." आणि मी खरोखरच भरू लागले. कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचा पीकविमा, कोणाचा रेशनकार्डात नाव चढवायचा कागद. केंद्रावर पन्नास-शंभर रुपये लागतात, मी काहीच घेत नसे. कोणी शेंगा आणून देई, कोणी नुसताच डोक्यावरून हात फिरवी. खोटे कशाला बोलू, मला त्याचे फार सुख वाटे. संगणकात मी 'गल्ली' नावाचे एक फोल्डर केले होते. त्यात सगळ्यांची आधारकार्डे, पासबुकाची पहिली पाने, जातीचे दाखले, सातबारे. पासवर्ड एका वहीत लिहीत असे; पण वही ऐनवेळी सापडत नसे, म्हणून ब्राउझर 'जतन करू का' असे विचारी तेव्हा मी 'हो' म्हणून मोकळी होई. असा सगळा गल्लीचा संसार माझ्या टेबलावर जमा झाला होता.

पहिली खूण दिसली ती पैशाच्या रूपाने, म्हणजे नेटच्या. आमच्याकडे वायर नाही. रात्री जेवणे झाली की दादा आपला फोन खिडकीत ठेवी आणि त्याच्या हॉटस्पॉटवर मी बसे. रोजचा दीड जीबी डेटा दोघांना पुरून उरे. २०२५ च्या ऑगस्टपासून तो तासाभरात संपू लागला. मग दादाचा फोन रात्रीच मुका. एके रात्री तो म्हणाला, "सिनेमे बघतीस व्हय गं आमच्या माघारी?" चेष्टेतच म्हणाला असेल, पण मला ते लागले. मी समोर फक्त एक नोट्सचे पान उघडून बसले होते.

मग एकेक सुरू झाले. संगणक इतका हळू झाला की तो चालू करून मी चहा ठेवीत असे आणि चहा आधी होई. आतला पंखा घरघर करू लागला. ब्राउझर उघडल्यावर नेहमीचे पान न येता भलतेच कुठले तरी शोधयंत्र येऊ लागले; मी ते बदलावे, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. साधा शब्द शोधला तरी आधी दुसरीच कुठली तरी दोन पाने झपकन येऊन जात आणि मग उत्तर येई. कोपऱ्यात जाहिराती उगवत: तुम्ही जिंकलात, तुमचा संगणक धोक्यात आहे, येथे दाबा. चालू होताना एक काळी खिडकी डोळा मिटावा तशी उघडून बंद होई. एकदा पहाटे माझ्या ईमेलवर निरोप आला की तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून प्रवेश झाला आहे, तो तुम्हीच का? मी झोपेत होते. सकाळी वाचले आणि 'काहीतरी चूक असेल' म्हणून पुसून टाकले. आज त्या पुसण्याची मला लाज वाटते.

आणि मग ती गोष्ट झाली. त्या दिवसांत मी एक गोष्ट घरात लपवीत होते. बी. ए. झाल्यावर पुण्याला पत्रकारितेला जावे असे माझ्या मनात होते. कोणाला बोलले नव्हते, मैत्रिणीलाही नाही. रात्री मी तेथील अभ्यासक्रम, मुलींची वसतिगृहे, त्यांची फी हे शोधी आणि खिडक्या बंद करून टाकी. एके दिवशी जेवताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता दादा म्हणाला, "पुण्याला जायचंय व्हय तुला?"

घास माझ्या घशात अडकला. अण्णा वर बघू लागले. मी म्हटले, "कोण म्हणलं?" तो म्हणाला, "कोण न्हाई, असंच." आणि पुढे काही बोलला नाही.

माझ्या डोक्यात सगळ्या खुणा एका क्षणात जुळल्या. संगणक आणला कोणी? दादाने. विंडोज टाकले कोणी? दादाने. मोबाइलच्या दुकानात पाळत ठेवायची ॲप्स टाकून मागणारे नवरे येतात, भाऊ येतात, हे त्यानेच कधीतरी हसत सांगितले होते. मी उठले आणि आई-अण्णांच्या देखत म्हणाले, "तू माझ्यावर पाळत ठेवतोस. संगणकात काय टाकलंस ते काढ." आई म्हणाली, "अगं काय बोलतीस!" दादा काहीच बोलला नाही. त्याने हात धुतले, फोन उचलला आणि बाहेर गेला. त्या रात्रीपासून खिडकीत फोन दिसला नाही. आम्ही दोघे एकाच खोलीत राहून नऊ दिवस बोललो नाही. आईने मधल्या मधे निरोप्याचे काम केले.

नेट नाही, म्हणून मी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत जाऊ लागले. तेथे जे सहायक काका आहेत, त्यांना तुमच्यापैकी बहुतेक जण 'प्रिंट काढून देणारे काका' म्हणूनच ओळखत असतील. मी त्यांना, भावाचे नाव न घेता, सगळे सांगितले. ते म्हणाले, "ताप आला म्हणजे टायफॉइडच असं नाही. खूण वेगळी, पुरावा वेगळा. एक वही कर. काय झालं, केव्हा झालं, तू काय करत होतीस, तीन दिवस लिही. मग ये." मला आधी राग आला. घरात आग लागली आहे आणि हे वही कर म्हणतात! पण लिहिले. मग त्यांनी एका कागदावर काय काय पाहायचे ते लिहून दिले आणि तो कागद घेऊन मी घरी बसले. त्या रात्रीचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी सीपीयूचा डबा उघडला. पंख्यावर बोटभर धूळ आणि एका झुरळाचे वाळलेले प्रेत. ते साफ केल्यावर घरघर थांबली. म्हणजे ज्या आवाजाला भिऊन मी उशी कानावर घेत होते तो बिचाऱ्या झुरळाचा होता! एक खूण खोटी. मग सेटिंगमध्ये कोणत्या प्रोग्रामने महिन्याभरात किती डेटा खाल्ला याची यादी असते, ती काढली. सगळ्यांत वर विंडोज स्वतःच होते; आमचा हॉटस्पॉट मोजूनमापून वापरायचा आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे ते आपले अपडेट निवांत उतरवून घेत होते. दुसरी खूण अर्धी खोटी. अर्धी म्हणण्याचे कारण असे की त्याच्याच खाली एक नाव होते, जे मी कधी पाहिले नव्हते. नाव अगदी साळसूद, एखाद्या अपडेट करणाऱ्या प्रोग्रामचे असावे तसे. त्याने सहा जीबी खाल्ले होते.

टास्क मॅनेजर म्हणून एक खिडकी असते. त्यात आत्ता संगणकात कोण कोण काम करीत आहे ते दिसते. सगळे बंद करून मी हात मांडीवर ठेवून बसले. मी काही करीत नाही, तर संगणकानेही थोड्या वेळाने गप्प बसावे. पण ते साळसूद नाव काम करीतच होते. त्यावर उजवी कळ दाबून ते कोठे राहते ते पाहिले. खऱ्या प्रोग्रामांची वस्ती बहुतेक 'प्रोग्राम फाइल्स' मध्ये असते. हे महाशय माझ्या नावाच्या फोल्डरात, आत आत, जेथे सहसा कोणी जात नाही अशा ठिकाणी बिऱ्हाड करून होते. (काका म्हणतात, तेथे चांगली माणसेही राहतात, तेवढ्यावरून निवाडा करू नये. बरे.) मग अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये 'या जागा तपासू नयेत' अशी एक यादी असते, ती उघडली. मी आयुष्यात तिला हात लावला नव्हता. तीत एकच फोल्डर होते. त्याचेच. चोराने रखवालदाराला सांगून ठेवले होते की या खोलीकडे बघायचे नाही, आणि रखवालदाराने ते ऐकले होते!

ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन बसले होते, त्याला 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे' ही मुभा होती. काढायला गेले तर काढायचे बटणच बंद. आणि ब्राउझरच्या यादीत अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जात आहे.

ही ओळ मी कितीदा तरी वाचली. आमची संस्था! अण्णा हमाल, आई कपडे शिवते, दादा मोबाइल दुरुस्त करतो, मी फॉर्म भरते. आमची संस्था कोणती? मोठ्या कचेऱ्यांत शेकडो संगणकांना एकच नियम लावता यावेत म्हणून ही सोय असते. घरच्या संगणकावर ती ओळ दिसली आणि आपण स्वतः तसे काही केलेले नसले, तर समजावे की कोणीतरी आपल्या घरात परस्पर संस्था स्थापन केली आहे. तीन वाजून गेले होते. आई झोपेतून उठून म्हणाली, "हसतीस काय एकटीच?" मी हसत नव्हते.

आता शेवटचा प्रश्न राहिला: आणले कोणी? प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावता येते. मी लावली. त्या साळसूद नावाच्या शेजारी, त्याच दिवशीचा, त्याच वेळेचा आणखी एक प्रोग्राम होता. पीडीएफ लहान करण्याचा. तारीख ९ जुलै.

९ जुलैची रात्र मला आठवत होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाला दाखला जोडायचा होता. फाइल ठरावीक आकाराहून मोठी होती, संकेतस्थळ ती घेत नव्हते आणि शेजारच्या मावशींचा नातू माझ्या मागे उभा होता. मी फुकट मिळणारा प्रोग्राम शोधला. त्या पानावर 'डाउनलोड'ची चार हिरवी बटणे होती. त्यांतले एक दाबले. मग 'पुढे, पुढे, पुढे'. मध्येच अँटीव्हायरसने लाल पाटी दाखवली. पानावर लिहिले होते की ही पाटी खोटी आहे, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा. आणि मी तो बंद केला. परवानगी विचारणारी चौकट आली, तेथेही 'हो' म्हटले. फाइल लहान झाली, अर्ज गेला, नातवाने टाळ्या वाजवल्या.

दादाने काही टाकले नव्हते. दार मी उघडले होते. रखवालदाराला मीच बाहेर बसवले होते.

रामायणात रावणाचे शुक आणि सारण हे हेर वानरांचे रूप घेऊन रामाच्या सेनेत शिरतात. इतक्या वानरांत ते ओळखू येतात कोणाला? बिभीषणाला. कारण तो त्यांच्याच घरचा. कौटिल्याने हेरांचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत गृहस्थाच्या वेषातला आहे, व्यापाऱ्याच्या वेषातला आहे, तपस्व्याच्या वेषातला आहे. हेराच्याच वेषातला हेर मात्र एकही नाही. मी परीक्षेत हे लिहून गुण मिळवले होते. घरात मात्र ज्याच्या अंगावर कसलाच वेष नव्हता त्याच्यावर मी बोट ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले. दादा एका फोनची काच खोलत होता. मी म्हटले, "माझ्याकडून झालंय. मी डाउनलोड केलं होतं." तो काचेकडेच बघत म्हणाला, "मला बघायचं असतं तर तुला इचारलं असतं की." मग त्याने आपला फोन माझ्यापुढे धरला. संगणकावरच्या ब्राउझरला त्याने पहिल्या दिवशी आपलेच खाते जोडले होते, ते कधी बदललेच नव्हते. त्यामुळे मी जे शोधी ते त्याच्या फोनवरही जमा होई. दुकानाच्या मालासाठी पुण्याची गाडी बघायला त्याने 'पुणे' एवढेच टाकले, तर खाली आपोआप ओळ उगवली: पुणे मुलींचे वसतिगृह फी. बस, एवढेच. ज्या एका गोष्टीवरून मी त्याला हेर ठरवले, तिच्यात हेराचा काहीच हात नव्हता.

मी तेथेच रडले. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. दादा म्हणाला, "गप की, लोकं बघत्यात."

त्या रविवारी आम्ही दोघे बसलो. मी आधी तो प्रोग्राम साधेपणाने काढून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी संगणक चालू करताच काळी खिडकी उघडमिट झाली आणि तो परत हजर. संगणकात ठरावीक वेळी आपोआप करायच्या कामांची एक यादी असते, तीत त्याने स्वतःला पुन्हा बसवायचे काम लिहून ठेवले होते. काकांनी संगणक बंद करून चालू होण्याआधीच तपासणी करायची एक पद्धत सांगितली होती, तीही केली. पंधरा-वीस मिनिटांत त्यात आणखी दोन सापडले. पण काकांचे म्हणणे होते की एकदा असे घडले की भिंती पाडूनच घर बांधावे. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता आणि आमच्या म्हाताऱ्या यंत्राला ११ वे झेपणारे नव्हते. तेव्हा दादाने फक्त फोटो आणि कागद बाहेर काढले, डिस्क कोरी केली आणि फुकट मिळणारे लिनक्स टाकले. या खेपेला ते फुकटचे नीट मूळ ठिकाणावरून घेतले आहे ना, हे आम्ही दोघांनी तीनदा पाहिले. डिस्क कोरी होत असताना, पडद्यावरची पट्टी सरकताना, दादा एकदम म्हणाला, "किती हाय फी?" मला आधी कळलेच नाही कशाची. मग मी आकडा सांगितला. तो "हं" म्हणाला.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण 'गल्ली' फोल्डरचे काय? काका म्हणाले होते, पासवर्ड बदल, पण त्या संगणकावरून नव्हे. नाहीतर नवे पासवर्डही त्यालाच कळतील. म्हणून मी प्रयोगशाळेत बसून एकेक बदलले, सगळीकडून खाती बाहेर काढली, जेथे जमेल तेथे पासवर्डशिवाय दुसरी खूणही मागेल अशी सोय केली. हे 'सगळीकडून बाहेर काढणे' महत्त्वाचे असते, कारण हेराने आपला उघडा प्रवेशच उचलून नेला असेल तर त्याला ना पासवर्ड लागत, ना ओटीपी. पण जी कागदपत्रे गेली असतील ती बदलता येत नाहीत. आणि गेली की नाही, हे सांगता येत नाही. साध्या चोरीत निदान डबा रिकामा दिसतो. येथे डबा भरलेलाच होता. सगळी आधारकार्डे जेथल्या तेथे, एकही कमी नाही.

मी यादी केली. तेवीस घरे. सांगावे की न सांगावे? कोणाला काही कळले नव्हते. कोणाचा एक रुपया गेला नव्हता. आईचे मत पडले की उगीच कशाला भीती घालायची. अण्णा मात्र म्हणाले, "पोतं फाटलं तर मालकाला सांगावं लागतंय. दाणं सांडलं का न्हाई, ते मालक बघंल." दुसऱ्या दिवशी मी पहिल्या घरी गेले.

तात्या हसले. "आमच्या खात्यात हाय काय चोरायला? उलट त्येनंच घालावं." एक काकू सारखे विचारीत राहिल्या की मग आता पोलीस येणार का. मी प्रत्येकाला सांगितले की पैसे गेल्याचा निरोप आला तर घाबरत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, तो आकडा पासबुकावर लिहून दिला. काहींच्या कागदांवर अंगठ्याचे ठसे होते. जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून रबरी अंगठे करून आधारने पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात घडलेले आहेत. म्हणून त्यांच्या आधारमधल्या ठशांना कुलूप लावून दिले. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या महिन्यात रेशनच्या दुकानात तिघांचा अंगठा लागेना आणि दुकानदाराने मला बोलावणे धाडले. आता धान्य घ्यायच्या आधी मी कुलूप उघडते, नंतर लावते. महिन्यातली एक सकाळ त्यात जाते.

शेजारच्या मावशींकडे मी सगळ्यांत शेवटी गेले. त्यांच्याच नातवाच्या अर्जाच्या वेळी हे झाले होते, त्यांचाच अंगठा तीन कागदांवर होता आणि लहानपणी आई मशीनवर असताना मी त्यांच्याच घरी जेवत असे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. चिडल्या नाहीत. फक्त विचारले, "म्हंजी आमचं सगळं कुणीतरी बगितलं?" मी म्हटले, "असंल. ठावं न्हाई." त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसल्या. मग चहा केला.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एकही कागद आणलेला नाही. जानेवारीत नातवाचा अर्ज भरायचा होता. त्या स्टँडजवळच्या केंद्रावर गेल्या, शंभर रुपये देऊन आल्या. बाकी सगळे पूर्वीसारखे आहे. हळदीकुंकवाला बोलावणे आले, वाटीभर आमटी येते-जाते.

परवा मी दारात वही घेऊन बसले होते. मावशी कागदांची पिशवी घेऊन स्टँडकडे निघाल्या होत्या. आमच्या दाराशी थांबल्या, आत टेबलाकडे डोकावून बघितले आणि म्हणाल्या, "ती संस्था गेली का गं?"

"गेली," मी म्हटले.

"बरं झालं," म्हणून त्यांनी पिशवी काखेत नीट धरली आणि त्या स्टँडच्या रस्त्याला लागल्या.